गाडीच्या मागे ‘फोर बाय फोर’ लिहिलंय, पण चारही चाकांना ताकद मिळते तरी किती?

पावसाळा लागला की शनिवारी सकाळी पिंपळे सौदागरच्या कोकणे चौकातून एसयूव्ही ताम्हिणीच्या दिशेनं निघतात. काहींच्या मागे ‘फोर बाय फोर’ लिहिलेलं असतं, काहींच्या मागे ‘एडब्ल्यूडी’. बऱ्याच जणांचा समज असा की, इंजिनची ताकद चारही चाकांना कायम सारखी मिळते आणि त्यामुळे गाडी घसरत नाही. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. हे समजून घ्यायला लांब जायची गरज नाही, अशा गाड्या आपल्या आजूबाजूलाच बनतात.

मुळात अडचण काय आहे?

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतं, ते दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतं. पण त्यात एक गोम आहे. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर देतं. एक चाक चिखलात गेलं की त्याला फिरायला फारसा जोर लागत नाही. मग कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. एक चाक गरगरत राहतं, गाडी जागची हलत नाही.

वळताना पुढची चाकंही मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात. मग पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला जोर वाटायचा कसा? याच्या तीन पद्धती पाहू.

१. पार्ट-टाइम: दोन्ही ॲक्सल जखडून टाका

चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनची फोर बाय फोर ही या प्रकारातली. एरवी जोर मागच्या चाकांना जातो. फोर व्हील ड्राइव्ह लावली की ट्रान्सफर केस नावाचा भाग पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जोडतो. लोक याला ‘५०-५०’ म्हणतात, पण इथे सारखा असतो तो शाफ्टचा वेग. जोर मात्र पकड असेल तिकडे जातो. पुढची चाकं निसरड्यावर असतील तर जवळपास सगळा जोर मागचा ॲक्सल वापरतो. ‘फोर लो’ लावलं की वेग कमी होतो आणि चाकांवरचा जोर वाढतो.

हाच मोड कोरड्या डांबरावर लावला तर? वळताना पुढच्या चाकांना जास्त फिरायचं असतं, पण जोडलेला शाफ्ट फिरू देत नाही. स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो. म्हणून हा मोड चिखल, वाळू, सुट्या खडीसाठी आहे. चांगल्या हायवेवर तो लावून ठेवू नका.

२. ऑन-डिमांड: गरज पडली की द्या

एक्सयूव्ही७००चं ऑल व्हील ड्राइव्ह मॉडेल आणि रांजणगावला बनणारी जीप कंपासची फोर बाय फोर यात मोडतात. इथे जोर मुख्यतः पुढच्या चाकांना जातो. मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या वाटेवर अनेक चकत्यांचा क्लच असतो. चाकांचा वेग, ॲक्सिलरेटर आणि स्टिअरिंगचा कोन पाहून कॉम्प्युटर त्या चकत्या कमी-जास्त दाबतो. जेवढा दाब जास्त, तेवढा जोर मागे. हे सेकंदाच्या छोट्याशा भागात होतं, आणि जोरात पिकअप घेताना चाक घसरायच्या आधीही होतं.

क्लच पूर्ण सुटू शकतो, त्यामुळे ही गाडी डांबरावर बिनधास्त चालते. पण वाळूत बराच वेळ झुंजली तर क्लच तापतो.

३. इलेक्ट्रिक: शाफ्टच नाही

जून २०२५ मध्ये आलेल्या टाटा हॅरियर ईव्हीच्या वरच्या मॉडेलमध्ये पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटर आहेत. दोन ॲक्सलना जोडणारा शाफ्ट नाही. कुठल्या मोटरला किती वीज द्यायची, हे सॉफ्टवेअर ठरवतं.

मग एकच चाक अधांतरी राहिलं तर?

ॲक्सलपर्यंत जोर पोहोचला तरी डिफरन्शियलची गोम उरतेच. बऱ्याच नव्या गाड्या गरगरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावतात, म्हणजे दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. आकुर्डीत मुख्यालय असलेल्या फोर्स मोटर्सच्या गुरखामध्ये पुढचं आणि मागचं, दोन्ही डिफरन्शियल लॉक करता येतात.

घाटात निघण्याआधी हे लक्षात ठेवा

फोर व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे ढकलायला मदत करते, थांबवायला नाही. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांचे चारही चाकांना लागतात. ओल्या उतारावर गाडी किती अंतरात थांबेल, हे मुख्यतः टायर, ब्रेक आणि तुमचा वेग ठरवतो. त्यामुळे चढ सहज चढून गेली म्हणून उतारावर वेग वाढवू नका.

दुसरं म्हणजे, चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले ठेवा. पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक पडला, तर सरळ रस्त्यावरही दोन ॲक्सल वेगवेगळ्या वेगानं फिरतात आणि क्लच किंवा ट्रान्सफर केसची झीज वाढते. आणि आपली गाडी यातल्या कुठल्या प्रकारची आहे, हे गाडीबरोबर मिळालेल्या मॅन्युअलमध्ये एकदा बघून घ्या.