बालकाचे पहिले फळ

मनुष्याच्या मुखात पडणाऱ्या पहिल्या घासास आपल्या परंपरेने संस्काराचा मान दिला आहे. अन्नप्राशन, ज्यास घरगुती भाषेत आपण उष्टावण म्हणतो, तो हा संस्कार होय. १८३४ नंतर करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसच्या ऊसमळ्यांकडे गेलेल्या आपल्या पूर्वजांच्या शिध्यात तांदूळ, डाळ व मीठ यांची मापे ठरलेली असत. तान्ह्या मुलास काय द्यावे, हे मात्र आईने व आजीनेच ठरवावयाचे. आज त्यांचे वंशज उंटरश्लाइसहाइमसारख्या सुखवस्तू गावी राहतात. बाजार फळांनी भरलेला असतो, आणि तरीही तरुण माता साशंक असते. फळाने बाळास ॲलर्जी तर होणार नाही ना? या शंकेचा इतिहास मोठा उद्बोधक आहे, आणि त्याचा बराच भाग आपल्या गावाच्या दक्षिणेस, अगदी हाकेच्या अंतरावर असलेल्या म्युनिक शहरात घडला आहे.

म्युनिक येथे १८४६ साली डॉक्टर हाउनर यांनी मुलांचे रुग्णालय स्थापन केले. याच रुग्णालयात काम करीत असता थिओडोर एशरिश यांनी अर्भकांच्या आतड्यातील जंतूंचा अभ्यास आरंभिला व १८८६ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. जंतू म्हणजे केवळ रोग, अशी समजूत रूढ होत असलेल्या त्या काळात निरोगी बाळाच्या पोटातही जंतूंची वस्ती असते व आहारानुसार ती पालटते, हे त्यांनी दाखविले. पुढे व्हिएन्ना येथे त्यांचे साहाय्यक झालेले क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली म्युनिकच्याच एका वैद्यकीय साप्ताहिकात ‘ॲलर्जी’ हा शब्द प्रथम योजिला. एशरिश यांचे दुसरे शिष्य अर्न्स्ट मोरो यांनी १९०८ साली जुलाबाने क्षीण झालेल्या बालकांसाठी गाजराचे सार सुचविले. ब्लॅक फॉरेस्ट भागातील डॉक्टर हाइस्लर हे रुग्णांस किसलेले कच्चे सफरचंद देत. तो उपाय मोरो यांनी १९२९ साली बालवैद्यकात आणला. सफरचंदातील पेक्टिन हा तंतुमय पदार्थ आतड्यातील पाणी धरून ठेवतो व तेथील जंतूंचे खाद्यही होतो, हे त्यामागील मर्म होय.

यानंतर काळाचे चक्र उलटे फिरले. ॲलर्जीचे विकार वाढू लागताच ‘उशिरा द्या, म्हणजे धोका टळेल’ असा विचार बळावला. अमेरिकेतील बालवैद्यांच्या संस्थेने २००० साली, ज्यांच्या घराण्यात ॲलर्जी आहे अशा बालकांस अंडे दोन वर्षांपर्यंत व भुईमूग तीन वर्षांपर्यंत देऊ नये, असे सांगितले. परंतु त्यास पुरावा नाही असे दिसून आल्याने २००८ साली तिने आपले मत बदलले. २०१५ साली लंडन येथे झालेल्या संशोधनात तर भुईमूग लवकर व नियमित खाणाऱ्या बालकांत त्याची ॲलर्जी फारच कमी आढळली.

म्युनिकच्या रुग्णालयानेही या विचारात भर घातली. दोन जर्मनींचे एकीकरण झाल्यावर एरिका फॉन मुटियुस यांनी दोन्हीकडील मुलांची तुलना केली. लाइपझिग व हाले येथील धुराने काळवंडलेल्या हवेत ॲलर्जी अधिक असेल, ही अपेक्षा होती; प्रत्यक्षात ती म्युनिकच्या मुलांत अधिक निघाली. पुढे जर्मनीसह पाच देशांतील ग्रामीण बालकांचा जन्मापासून अभ्यास झाला. पहिल्या वर्षात ज्यांच्या आहारात विविधता अधिक, त्यांच्यात दमा व अन्नाची ॲलर्जी कमी, असे २०१४ साली दिसले. फळे, भाज्या, दही व मासे यांचा संबंध आतड्यातील जंतू निर्माण करीत असलेल्या ब्युटिरेटसारख्या आम्लांशी आढळला, आणि ही आम्ले भरपूर असलेल्या बालकांस ॲलर्जीचा त्रास कमी, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. हा संबंध म्हणजे हमी नव्हे, आणि एकट्या फळाचे हे श्रेय नव्हे, हेही ध्यानी ठेवावे.

आता आपल्या परंपरेकडे वळू. नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात ‘फलप्राशन’ व त्यानंतर दहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगितले आहे. अन्नाआधी फळ! हे वाचून अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तथापि अभिमानाने विवेक झाकला जाऊ नये. जातकर्मात नवजात बालकास मध चाटविण्याची चाल आहे. परंतु मधात बोट्युलिझम या घातक विकाराचे बीज असू शकते, म्हणून एक वर्षाच्या आत मध मुळीच देऊ नये, असे आजचे वैद्यक निक्षून सांगते. परंपरेतील हितकर ते राखावे, अपायकारक ते सोडावे, हाच धर्म.

जर्मनीतील वैद्य पाचव्या महिन्याच्या आरंभापूर्वी नव्हे व सातव्याच्या आरंभानंतर नव्हे, या अवधीत स्तनपान चालू ठेवून पूरक आहार सुरू करण्यास सांगतात. पिकलेले केळे कुस्करून किंवा सफरचंद शिजवून द्यावे. फळांचा रस टाळावा. अखंड द्राक्षे व कच्च्या सफरचंदाच्या फोडी घशात अडकतात, त्या देऊ नयेत. बाळास तीव्र इसब असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मातांनो, भयाने बाळाचे ताट रिकामे ठेवू नका. पूर्वजांच्या शिध्यात निवडीस वाव नव्हता. आपणांस तो लाभला आहे. त्याचा लाभ येणाऱ्या पिढीस घडावा, हीच सदिच्छा.