हाडातून यकृताकडे

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावात तेरा-चौदा वर्षांच्या एखाद्या पोराचं काविळीच्या शंकेने रक्त तपासलं जातं. ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’च्या कागदावर बिलिरुबिन ठीक, एसजीपीटी ठीक, पण अल्कलाइन फॉस्फेटेज तीनशेच्या वर. घरच्यांच्या जिवाला घोर लागतो. खरं तर वाढीच्या वयात हा आकडा मोठ्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट असतोच. तो वाढत्या हाडांचा असतो. मग तो यकृताच्या यादीत आला कुठून?

अल्कलाइन फॉस्फेटेजचा जन्मच हाडातला. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट रॉबिसन साखर आणि फॉस्फेट यांच्या संयुगांवर काम करत होते. १९२३ साली त्यांनी दाखवलं, की उंदरा-सशांच्या कोवळ्या, वाढत्या हाडांत हा विकर, म्हणजे एन्झाइम, असतो आणि तो या संयुगांतला फॉस्फेट सुटा करतो. मुडदूस झालेल्या प्राण्याचं हाड या संयुगांच्या द्रावणात ठेवलं, तर त्यात कॅल्शियम फॉस्फेट साचू लागतं. हाड टणक कसं होतं, या कोड्याचं एक टोक त्यांच्या हाती आलं होतं. पुढे काही वर्षांतच हर्बर्ट के यांना हाडांच्या आजारांत हा विकर रक्तातही वाढलेला आढळला.

आणि मग वळण आलं. १९३०च्या सुमारास डब्ल्यू. एम. रॉबर्ट्स यांना पित्तनलिका तुंबून झालेल्या काविळीत हाच विकर वाढलेला दिसला. हाडं धडधाकट असताना हे कसं? बराच काळ समज असा होता, की हाडांतला विकर पित्तावाटे बाहेर पडतो आणि वाट तुंबली की रक्तात साठतो. तर्क पटण्यासारखा होता, पण चुकीचा. १९७० साली कॅप्लान आणि रिगेटी यांनी उंदरांची पित्तनलिका बांधून दाखवून दिलं, की वाट अडली की यकृत स्वतःच हा विकर जास्त बनवू लागतं. या कुळकथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग हाच.

मधल्या काळात मोजण्याच्या पद्धती बदलत गेल्या: १९३३ची बोडान्स्की, १९३४ची किंग-आर्मस्ट्राँग. प्रत्येकीचं एकक वेगळं, त्यामुळे जुन्या कागदावरचा किंग-आर्मस्ट्राँगचा १३ आणि आजचा ९२ हे जवळपास एकच. आज विकराने फॉस्फेट तोडला की द्रावण पिवळं होतं आणि त्या पिवळेपणाच्या वेगावरून यंत्र आकडा काढतं.

आकडा कुणाचा, हाडाचा की यकृताचा, हे ओळखायला पूर्वी रक्तद्रव ५६ अंश सेल्सिअसला तापवत. हाडाचा विकर लवकर निकामी होतो, यकृताचा तग धरतो. आता डॉक्टर त्यासोबत जीजीटी हा दुसरा विकर बघतात. तो यकृताच्या त्रासात वाढतो, हाडाच्या त्रासात नाही. गरोदर बाईत तिसराच धनी असतो, वार. शेवटच्या महिन्यांत आकडा चढतो, तो तिच्यामुळे.

यवतमाळ जिल्ह्यात मात्र हाडाची बाजू विसरून चालणार नाही. पांढरकवड्याकडच्या काही गावांत भूजलातलं फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे गेलेलं आहे आणि फ्लोराइडने हाडं ग्रासली की हा विकर अनेकदा वाढतो. मोठ्या माणसाचा आकडा जास्त, जीजीटी ठीक आणि कंबर-मान ताठलेली असेल, तर यकृताच्या गोळ्या लिहिण्याआधी कोणत्या बोअरचं पाणी पिता, हे विचारायला हवं.