नेपियर टाउनमधला समुद्र : कमी मेहनतीच्या खाऱ्या टाकीची गोष्ट

या गप्पांच्या व्हिडिओंमध्ये माझ्या मागे एक फिश टँक दिसतो. खाली तुमचे दोन प्रश्न नेहमी येतात. जबलपूरमध्ये समुद्राचं पाणी आणता कुठून? आणि एवढा खटाटोप या वयात झेपतो कसा? आजचा भाग या दोन प्रश्नांचं उत्तर आहे. पण उत्तर इतिहासातून येतं, म्हणून सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

निवृत्तीनंतर नेपियर टाउनमधल्या घरी मी पहिली खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. फौजेतली सवय, त्यामुळे दर रविवारी टाकीचं इन्स्पेक्शन. वाळू ढवळून धुवायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ पिळायचा, दगड ब्रशनं घासायचे. टाकी आरशासारखी चकचकीत. आणि दोन महिन्यांत सगळे मासे मेले. बायको म्हणाली, "तुम्ही त्यांना स्वच्छतेनं मारलंत." ते शब्दशः खरं होतं, हे मला पुस्तकं वाचल्यावर कळलं.

लहानपणी सुट्टीत मामाकडे मुंबईला गेलो की मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय ठरलेलं असे. १९५१ साली ते सुरू झालं. तिथे समुद्र रस्त्यापलीकडे. आपल्याकडे नर्मदा आहे, पण समुद्र रेल्वेनं सुमारे हजार किलोमीटर दूर. तेव्हा आपला प्रश्न वेगळा आहे : थोडंसं खारं पाणी, बंद पेटीत, वर्षानुवर्षं जिवंत कसं ठेवायचं?

हाच प्रश्न १८४६ साली ॲना थिन या बाईंना पडला होता. इंग्लंडच्या टॉर्की गावच्या किनाऱ्यावर त्यांना पोवळ्याच्या जातीचे छोटे जीव सापडले. प्रवासात आपटू नयेत म्हणून त्यांनी ते सुई-दोऱ्यानं एका मोठ्या स्पंजला शिवले आणि समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या बरणीतून लंडनला नेले. तिथे समुद्राचं पाणी पुरेना. मग तेच पाणी उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायचं, म्हणजे त्यात हवा मिसळेल. हे काम रोज अर्धा-पाऊण तास घरातली एक छोटी मोलकरीण करायची. तिला त्यात गंमत वाटते, असं बाईंनी लिहून ठेवलंय. मुलीला काय वाटत होतं ते कोणी लिहिलेलं नाही. जगातला पहिला एअर पंप म्हणजे त्या मुलीचे हात, हे मला विसरवत नाही. पुढच्या वर्षी बाईंनी जिवंत समुद्री शेवाळ मागवून पाण्यात ठेवलं. ते उजेडात प्राणवायू सोडू लागलं आणि काम हलकं झालं. त्या जिवांची संख्या वाढली. १८५९ साली त्यांनी त्यावर लेखही छापला.

मधल्या काळात, १८५० साली, रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं याच गोष्टीचा हिशेब मांडला. गोड्या पाण्याच्या पेटीत मासा, पाणवनस्पती आणि कुजलेली पानं खाणारी गोगलगाय. तिघांत देवाणघेवाण जमली की पाणी बदलावं लागत नाही. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि हा शब्द घराघरांत गेला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी क्षार मिसळून खारं पाणी बनवायची कृतीही गॉस यांनी दिली. म्हणजे आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तेव्हापासून आहे.

पण त्या यशाची किंमत कोणी मोजली? किनाऱ्याने. हौशी लोक हातोडे-छिन्न्या घेऊन खडकांवर तुटून पडले. गॉस यांचा मुलगा एडमंड यानं १९०७च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलंय की लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली खडकांमधली भरलेली डबकी पुढे ओस पडली आणि आपल्याच पुस्तकांनी ही गर्दी आणली याचं वडिलांना फार दुःख होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

त्याच काळातला विल्यम ॲल्फर्ड लॉइड हा माणूस मला फार आवडतो. त्याच्या लक्षात आलं की उजेडात पाणी हिरवं होतं आणि तापतं. म्हणून त्यानं मत्स्यालयाखाली अंधारात पाण्याचा मोठा साठा ठेवला आणि ते पाणी सतत वरच्या टाक्यांत फिरवलं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली उघडलेल्या मत्स्यालयात हा साठा दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा होता. फौजेत राखीव तुकडी ठेवतात, तसंच हे. पाणी जास्त असेल तर एखादी चूक पचते. छोटी टाकी सोपी वाटते, पण तिथे एक मासा मेला तरी सगळं पाणी बिघडतं.

मग विसावं शतक आलं आणि यंत्रं वाढली. पंप, फिल्टर, औषधं, पांढरी स्वच्छ केलेली मेलेली पोवळी. १९६१ साली एका अमेरिकन मासिकात जकार्ताच्या ली चिन एंग यांचा लेख आला. त्यांनी उलटंच केलं होतं. समुद्रातले जीवजंतूंसकट दगड, समुद्राचं पाणी, भरपूर उजेड आणि हवेचे थोडे बुडबुडे. फिल्टर नाही. बहुतेकांना ते खरं वाटेना.

ते का चालत होतं, ते सांगतो. मासा अमोनिया सोडतो, ते विष. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. हे जिवाणू दगडाच्या, वाळूच्या आणि स्पंजच्या पृष्ठभागावर राहतात. मी दर रविवारी नळाच्या क्लोरीनच्या पाण्यानं काय धूत होतो, ते आता कळलं ना? आपलीच पलटण मी दर आठवड्याला कापत होतो.

उरलेल्या नायट्रेटचं काय? मोनॅकोत प्राध्यापक जाँ जोबेर यांनी वाळूचा जाड थर जाळीवर उचलून ठेवला, खाली पाण्याची पोकळी. ही पद्धत त्यांनी १९८९ साली मांडली. थराच्या वरच्या भागात प्राणवायू असतो, खोलवर जवळजवळ नसतो. तिथले जिवाणू नायट्रेट मोडून साधा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. अट एकच, ती वाळू ढवळायची नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी वेगळी वाट धरली. जाळीवर उजेडात शेवाळ वाढवायचं आणि ते खरवडून बाहेर काढायचं. शेवाळानं खाल्लेली घाण त्याच्याबरोबर जाते. पद्धत नवी, पण विचार ॲना थिन यांचाच.

आता माझी टाकी. पाणी दोनशे लिटर. लिटरला ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे सात किलो तयार समुद्री मीठ, आरओच्या पाण्यात. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, कारण समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही असतं. तळाला चार-पाच इंच बारीक वाळू. बाजूच्या छोट्या पेटीत समुद्री शेवाळ, त्यावर रात्री दिवा. मोठ्या टाकीत दिवस असताना इथे रात्र, त्यामुळे पाण्याचा सामू फारसा वरखाली होत नाही. मासे दोनच, थोड्या गोगलगायी. मासे आणण्यापूर्वी दोन महिने टाकी नुसती चालवली, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ला जातो आणि टाकीला २५-२७ अंश हवेत. मी पाण्यावर छोटा पंखा लावतो. माठ ज्या कारणानं गार राहतो, त्याच कारणानं टाकीही उतरते. पावसाळ्यात हवा दमट, तेव्हा ही युक्ती लंगडी पडते, पण तेव्हा गरमीही कमी असते. वाफ होऊन पाणी जातं, क्षार मागे राहतात, म्हणून रोज भर घालायची ती गोड्या पाण्याची. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप. महिन्यातून एकदा दहावा हिस्सा पाणी बदलतो, शेवाळाची मूठभर छाटणी करतो. रोजची दहा मिनिटं मात्र नुसतं बघण्याची. ती टाळली तर कुठलीच पद्धत वाचवत नाही.

राहिला दगड. भेडाघाटचा संगमरवर आणावा असं मलाही वाटलं होतं. पण तो घट्ट असतो, जिवाणूंना राहायला छिद्रं नाहीत. शिवाय नर्मदेचे दगड घरी आणणं मनाला पटेना. मग एका शहरातल्या दुकानदारानं मला खास समुद्रातून काढलेला 'जिवंत दगड' दाखवला, जांभळा, त्यावर पोवळ्याचे कोंब. ली चिन एंग यांची पद्धत डोक्यात होतीच. मी पाकीट काढलं आणि सहज विचारलं, "कुठून आणलाय?" तो गप्प बसला. पाकीट परत खिशात गेलं. घरी येऊन कायदा वाचला. २००१ सालापासून आपल्याकडे खडक घडवणारी पोवळी, समुद्री पंखे, समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. पैसे दिले असते तर मी गुन्हा केला असता, आणि एडमंडच्या त्या ओस डबक्यांमध्ये माझाही एक हातोडा पडला असता.

म्हणून माझ्या टाकीत सच्छिद्र, कोरडे, कृत्रिम दगड आहेत. त्यांवर जिवाणू वसायला वेळ लागतो, तेवढाच फरक. मासे दोन्ही क्लाउनफिश, हॅचरीत जन्मलेले. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं या माशांची पैदास जमवली आहे. विकत घेताना एवढंच विचारा, "पैदाशीचा की पकडलेला?"

या सगळ्या इतिहासातून मी एक हिशेब शिकलो. मेहनत कमी झाली असं वाटतं, तेव्हा ती कोणाकडे तरी गेलेली असते. कधी खिडकीपाशी उभ्या मुलीकडे, कधी किनाऱ्याकडे. ती जिवाणूंकडे आणि शेवाळाकडे गेली तरच खरी बचत, कारण त्यांचं पोट त्यावरच भरतं. टाकी मांडताना पैशांच्या हिशेबाआधी हा हिशेब करा.

आणि हो, रविवारी मी आता टाकीला हात लावत नाही. बायको त्याला माझी दुसरी निवृत्ती म्हणते. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.