तारा धरून ठेवणारे हात

गेल्या हिवाळ्यात एका जुन्या स्नेह्याच्या घरी भिंतीवर लावलेले एक छायाचित्र आमच्या पाहण्यात आले. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे आपण सर्वांनी पाहिलेले असतात. त्यांतल्या पूर्वेकडच्या ताऱ्याजवळ एक तेजोमेघ आहे. त्याच्या तांबूस पडद्यावर धुळीचा एक काळा ढग असा उमटतो, की घोड्याने मान वळवून पाहावे. म्हणून त्यास अश्वमुख म्हणतात. छायाचित्र काढणारा होता आमच्या स्नेह्याचा मुलगा. तो एका कारखान्यात फिटर आहे. आम्ही त्यास विचारले, "रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसलास की काय?" तो म्हणाला, "नाही काका, मी गाडीत झोपलो होतो. तारा पायने धरून ठेवला होता."

माणूस झोपेत पायाने तारा धरतो, हे ऐकून आम्ही त्याच्या पायांकडेच पाहू लागलो! तेव्हा हसत हसत त्याने आतून एक डबी आणली. तिच्यात पत्त्यातल्या पानाएवढा एक सर्किट बोर्ड होता. रास्पबेरी पाय या नावाचा हा सबंध संगणक रात्रभर ती दुर्बीण चालवीत होता.

घरी येताना एकच प्रश्न आमच्या मनात घोळत राहिला. आज ही डबी तारा धरते. पूर्वी तो कोण धरीत होते? कोणतेही यंत्र दिसले, की त्याच्या आधी तेथे कोणाचे हात होते हे विचारण्याची आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना खोडच असते. या प्रश्नाचा माग काढता काढता जो इतिहास हाती लागला, तो येथे सांगण्याचा विचार आहे.

मुळात तारा धरावा का लागतो, हे आधी पाहू. पृथ्वी 23 तास 56 मिनिटे 4 सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी पुरी करते, त्यामुळे आकाश आपल्यावरून सरकत जाते. दोन मिनिटांत ते चंद्रबिंबाच्या रुंदीएवढे सरकते. डोळ्याने पाहणाऱ्याचे यात फारसे बिघडत नाही. पण अंधूक वस्तूचे छायाचित्र घेण्यास तासन् तास प्रकाश साठवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात दुर्बीण केसभर जरी चुकली तरी ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ होते. फ्राउनहोफरने 1824 साली डोर्पाटच्या वेधशाळेसाठी केलेल्या दुर्बिणीला वजनावर चालणारे घड्याळ जोडले होते. ते दुर्बिणीस आकाशाच्या गतीने फिरवी. परंतु दात्यांच्या चाकांत बारीक खोट राहतेच, नळी आपल्याच भाराने वाकते, आणि क्षितिजाजवळची हवा ताऱ्याचे स्थान किंचित उचलून दाखविते. घड्याळाची ही चूक पदोपदी दुरुस्त करावयास माणूस हवा होता.

प्रारंभी हे काम थोडक्यात आटपत असे. 1850 साली हार्वर्ड वेधशाळेत बाँड आणि व्हिपल यांनी अभिजित ताऱ्याचे जे छायाचित्र घेतले, त्यास सुमारे शंभर सेकंद लागले. पुढे वापरात आलेली ओली काच काही मिनिटांतच सुकून निकामी होई, म्हणून इच्छा असली तरी फार वेळ थांबता येत नसे. जिलेटिनची कोरडी काच आली आणि हा बांध फुटला. 1880 साली हेन्री ड्रेपर याने मृगातील मोठ्या तेजोमेघावर 51 मिनिटे दुर्बीण रोखून ठेविली. 1883 मध्ये लंडनजवळ ईलिंग येथे कॉमन नावाच्या गृहस्थाने आपल्या 36 इंची आरशाने त्याच तेजोमेघाचे त्याहून सरस चित्र घेतले. हा कॉमन पेशाने सांडपाण्याच्या कामाचा इंजिनियर होता. 1888 च्या अखेरीस आयझॅक रॉबर्ट्स या इमारत बांधणाऱ्या धंदेवाल्याने देवयानी दीर्घिकेसमोर काच चार तास उघडी ठेवली, आणि तिचे सर्पिल वळसे जगाला प्रथमच स्पष्ट दिसले.

काच चार तास उघडी, म्हणजे माणूसही चार तास जागेवर खिळलेला. मोठ्या दुर्बिणीस जोडून एक लहान दुर्बीण असे. तिच्या भिंगात कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूंची फुली ताणलेली असे. एक तारा त्या फुलीवर आणावयाचा आणि तो तसूभर ढळला की स्क्रू फिरवून परत जागेवर घ्यावयाचा, एवढेच हे काम. परंतु डोळा काढता येत नसे. घुमटात शेगडी पेटविण्याची सोय नव्हती. कारण गरम हवेने ताऱ्याचे बिंब थरथरते. कडाक्याच्या थंडीतली रात्र निरभ्र असली, की छायाचित्रास ती उत्तम आणि माणसास ती वाईट!

या कामातला सर्वश्रेष्ठ कारागीर म्हणून एडवर्ड एमर्सन बार्नार्ड याचे नाव घ्यावे लागेल. अमेरिकेतील नॅशव्हिल गावी 1857 साली तो जन्मला. जन्मापूर्वीच वडील वारले होते. शाळेचे तोंड त्याने जेमतेम दोन महिने पाहिले. पुरती नऊ वर्षेही झाली नव्हती तेव्हा आईने त्यास एका फोटोग्राफरच्या दुकानात कामास लावले. तेथे छपरावर फोटो मोठे करण्याचे एक अवजड यंत्र होते, आणि ते उन्हावर चाले. सूर्य सरके तसे ते यंत्र हाताने फिरवून त्याचे तोंड सतत सूर्याकडे ठेवावयाचे, ही त्या पोराची नोकरी. इतर मुले या कामावर पेंगत. हा पेंगत नसे, म्हणून टिकला. पुढे हाच मुलगा लिक वेधशाळेत गेला. 1889 पासून, चेहऱ्यांचे फोटो काढण्यासाठी घडविलेल्या एका जुन्या भिंगाने, त्याने आकाशगंगेची जी छायाचित्रे घेतली ती आजही अभ्यासक आदराने पाहतात. बालमजुरीचे गोडवे आम्ही कदापि गाणार नाही. परंतु लहानपणी पोटासाठी सूर्य धरून ठेवणाऱ्या हातांनीच मोठेपणी आकाशगंगा धरली, ही गोष्ट विसरता येत नाही.

दुसरे उदाहरण मिल्टन ह्यूमासन याचे. चौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली. माउंट विल्सन पर्वतावर वेधशाळेचे सामान खेचरांवर लादून नेण्याचे काम त्याने केले. 1917 मध्ये तेथेच झाडलोटीच्या नोकरीवर लागला. मग रात्रपाळीचा मदतनीस झाला. त्याचा हात आणि त्याची चिकाटी पाहून त्यास शास्त्रज्ञांत घेतले गेले. दूरच्या दीर्घिका किती वेगाने आपल्यापासून पळत आहेत हे हबल यास हवे होते. त्यासाठी त्यांचा प्रकाश वर्णपटात फोडून काचेवर घ्यावयाचा असे. एका दीर्घिकेसाठी ह्यूमासनने दोन काचा घेतल्या, एक 33 तासांची आणि दुसरी 45 तासांची. उजाडले की काच झाकावयाची आणि रात्री पुन्हा त्याच जागी उघडावयाची. विश्व प्रसरण पावत आहे या शोधाशी आपण हबलचे नाव जोडतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या शोधाखाली ह्यूमासनच्या रात्री पुरलेल्या आहेत.

भिंतीवरच्या त्या अश्वमुखाची कथा तर याहून बोलकी आहे. विल्यमिना फ्लेमिंग ही स्कॉटलंडहून आलेली बाई हार्वर्ड वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण होती. 1881 साली पिकरिंग यांनी तिला वेधशाळेच्या कामावर घेतले. काचा तपासणाऱ्या आणि आकडेमोड करणाऱ्या तेथल्या स्त्रियांना काँप्यूटर म्हणत. आज तो शब्द यंत्रास लागतो; तेव्हा तो ताशी 25 ते 50 सेंट मजुरीवर राबणाऱ्या बाईस लागत असे. 1888 साली घेतलेल्या एका काचेवर फ्लेमिंगबाईंना तो काळा खळगा प्रथम दिसला आणि त्यांनी त्याची नोंद केली. पुढे जी सूची छापून निघाली, तीत मात्र श्रेय पिकरिंग यांच्या नावावर गेले. ही चूक सुधारण्यास पुढे बरीच वर्षे जावी लागली.

आपल्याकडेही या विद्येची एक धारा आली होती. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून कावसजी नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली. तेथे ग्रब कंपनीची 20 इंची परावर्तक दुर्बीण होती. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणास सोलापूरच्या वाटेवरील जेऊर येथे नायगमवाला यांनी आपला तळ ठोकला, आणि लिक वेधशाळेची तुकडीही तेथेच उतरली होती. परंतु 1912 साली नायगमवाला निवृत्त झाले तशी वेधशाळा बंद होऊन तिची सामग्री कोडाईकनालला रवाना झाली. दुर्बीण जपणाऱ्या हातांची परंपरा मागे नसली, की दुर्बीणही राहत नाही.

आता त्या डबीकडे येऊ. डोळ्याची जागा यंत्राने घ्यावी यास आधी विजेचा डोळा लागला. 1969 साली बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी प्रकाशाचे विजेत रूपांतर करून ते मोजणारी सिलिकॉनची चकती शोधली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हौशी माणसासही तारा आपोआप धरणारे यंत्र विकत मिळू लागले. तथापि सगळा पसारा चालविण्यास संगणक लागे. तो महाग, अवजड, आणि उघड्या माळावर त्याची बॅटरी रात्र काढीत नसे. मग 29 फेब्रुवारी 2012 रोजी इंग्लंडातील केंब्रिजच्या एका धर्मादाय संस्थेने 35 डॉलर किमतीचा रास्पबेरी पाय बाजारात आणला. मुलांनी संगणक नुसता वापरू नये, त्यास कामास लावावयास शिकावे, हा तिचा हेतू. आकाशाचा विचार करणाऱ्यांच्या डोक्यात नव्हता. तो हौशी मंडळींनी केला. पाच व्होल्टवर चालणारा हा बोर्ड मोटारीच्या बॅटरीवर रात्रभर सहज टिकतो.

तो करतो काय? लहान दुर्बिणीमागचा कॅमेरा दर एकदोन सेकंदांनी ताऱ्याचे चित्र त्याच्याकडे धाडतो. ताऱ्याचा मध्यबिंदू किती ढळला हे तो मोजतो आणि बैठकीच्या मोटारीस तेवढाच हलका टोला देतो. बार्नार्डचा डोळा आणि स्क्रूवरचे बोट ही दोन्ही कामे यात आली. शिवाय एक चित्र घेऊन, त्यातल्या चार चार ताऱ्यांच्या चौकटी सूचीशी ताडून, आपण आकाशात नेमके कोठे रोखलो आहोत हे तो ओळखतो. थंडीने नळी आकसली की भिंग पुन्हा जुळवितो. तारा माथा ओलांडून पश्चिमेस कलला की दुर्बीण पालटून घेतो. आणि कोठे अडले तर झोपलेल्या मालकाच्या मोबाइलवर हाक घालतो.

यंत्राने माणसाचे काम घेतले म्हणून आम्ही हळहळावे काय? 1928 च्या गिरणी संपात मुंबईच्या विणकरांनी दोनांऐवजी तीन माग चालविण्यास नकार दिला, तो त्यांना मागाचा द्वेष होता म्हणून नव्हे. तिसऱ्या मागामुळे वाचणारी मजुरी मालकाच्या खिशात जाणार होती आणि शेजारचा विणकर घरी बसणार होता, म्हणून. येथे मात्र दुर्बीण त्या फिटरची, डबी त्याची, वाचलेली झोपही त्याचीच. आणि सकाळी पहिल्या पाळीवर जाणाऱ्यास झोपेची किंमत आम्ही सांगावयास नको. यंत्र चांगले की वाईट याचा निवाडा त्याच्या चाकांत नसतो. त्याने वाचविलेले तास कोणाच्या पदरात पडतात, यात असतो.

आणखी एक गोष्ट. डबीतला कारभार चालविणारी इंडी, केस्टार्स, पीएचडी-2 ही प्रणाली कोणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी, दुरुस्त करावी अशी आहे. ती सामाईक विहीर आहे. काही उत्पादकांनी तशाच बोर्डावर आपल्या बंद पेट्या बांधून विकल्या आहेत. त्या सोयीच्या आहेत, पण त्यांना बहुधा त्याच घरचा कॅमेरा लागतो. सामाईक विहिरीशेजारी कुलूपबंद नळ उभा राहिला, की विहिरीचा गाळ काढण्यास माणसे मिळेनाशी होतात, हे गावकऱ्यांस ठाऊक आहे. आणि ही विहीर खणणारे पुष्कळजण दिवसाची नोकरी आटोपून, बिनपगारी, रात्री काम करतात. फ्लेमिंगबाईंचे नाव सूचीतून गळले तसे त्यांचे नाव गळावयास वेळ लागणार नाही.

त्या मुलाने छायाचित्राच्या मागे दुर्बीण कोणती, कॅमेरा कोणता, काच किती वेळ उघडी होती, हे सारे व्यवस्थित लिहून ठेवले होते. आम्ही त्यास फ्लेमिंगबाईंची हकीकत सांगितली. त्याने ती प्रथमच ऐकली. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग चित्र भिंतीवरून उतरवून, पेन मागून, त्याने त्या यादीच्या वर तिचे नाव लिहिले आणि खाली प्रणाली लिहिणाऱ्यांसाठी एक ओळ मोकळी सोडली. ती भरावयाची राहिली आहे.