दाईमाय ते आशाताई : आपल्या पट्ट्यातल्या शिकलेल्या बायांची गोष्ट



संत्र्याचे बगीचे, गोटमार, छोटी लाईन यांवर इथं पुष्कळांनी छान लिहिलं आहे. आज मी जरा वेगळ्या विषयावर लिहितो. आपल्या पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात दाई, नर्सबाई, आशाताई यांना कोणी शिकवलं, किती शिकवलं आणि पुढं त्या शिक्षणाचं काय झालं? मी कॉमर्सचा माणूस, दवाखान्याचा नाही. पण नोकरीची बरीच वर्षं याच भागातल्या शाखांमध्ये गेली, आणि सरकारी योजना कोणतीही असो, तिचा कागद कधी ना कधी बँकेच्या टेबलावर येतोच.

सुरुवात १९५६ पासून करावी लागते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर. डॉक्टरही तिथंच तयार होत. आधी रॉबर्टसन मेडिकल स्कूल, मग १९४७ पासून मेडिकल कॉलेज. राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण छिंदवाडा जिल्ह्यासोबत मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून रोगी नागपूरला आणि शिकणारं पोरगं जबलपूरला, अशी आपली तऱ्हा झाली. जबलपूरला शिकलेलं पोरगं इथं परत येईलच असं काही नव्हतं. सरकारकडून येणारी नर्सबाई पुष्कळदा लांबच्या जिल्ह्यातली असायची. आपली म्हातारी सांगे, "पोरीच्या पोटात कळा येऊन राह्यल्या बाई," आणि बाई बिचारी शेजारणीला अर्थ विचारी. भाषा जुळेपर्यंत तिची बदली व्हायची.

मग गावची बाळंतपणं कोण करत होतं? दाईमाय. ती हे काम आपल्या सासूकडून शिकलेली. पुढं सरकारनं दायांना थोड्या दिवसांचं शिक्षण दिलं. हात साबणानं धुवा, नाळ नव्या ब्लेडनं कापा, दोरा उकळून घ्या, नाळेवर राख-शेण लावू नका. ऐकायला एवढंसं, पण बाळाचा धनुर्वात यानंच टळतो. २०१५ मध्ये भारतातून नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. श्रेय लशीचं मोठं आहेच, पण ब्लेड आणि साबण घराघरांत नेणाऱ्या या बायांचंही आहे.

२ ऑक्टोबर १९७७ ला जनता सरकारनं गावचा आरोग्य कार्यकर्ता निवडायची योजना आणली. हजार वस्तीला एक माणूस, तीन महिन्यांचं शिक्षण, महिन्याला ५० रुपये मानधन. मध्य प्रदेशात १९९५ मध्ये जन स्वास्थ्य रक्षक आले. हे शिक्षण सहा महिन्यांचं होतं आणि ते ट्रायसेममध्ये बसवलेलं. ट्रायसेम म्हणजे ग्रामीण तरुणांना धंद्याचं शिक्षण देणारी १९७९ ची योजना, बँकवाल्यांच्या चांगल्या ओळखीची. म्हणजे शिलाई मशीन शिकणारा आणि ताप पाहणारा एकाच रजिस्टरात! पगार नाही, वर देखरेख कमी. मग पोट भरायला बरेच जण सुई टोचणारे "डॉक्टर" झाले. पोरांना दोष देऊन उपयोग नाही. अर्धवट शिकवून मोकळं सोडलं की तसंच होणार.

२००५ मध्ये आशा आल्या. आशा त्याच गावची सून असावी हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. तिची बदली नाही, आणि भाषेचा प्रश्नच नाही. पाच टप्प्यांत मिळून २३ दिवसांचं पहिलं शिक्षण. पुढं नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, त्याचा पाया आपल्या शेजारच्या गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या ३९ गावांत थोडं शिकलेल्या बायांना बाळाचं वजन, श्वास, ताप पाहायला शिकवलं आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये हे जगभरच्या डॉक्टरांनी वाचलं. सावनेर-वरूडच्या पलीकडं मराठीतून घडलेली गोष्ट आपल्या आशांकडं आली ती हिंदी पुस्तकातून. त्यांनी ती पुन्हा आपल्या बोलीत आणली. हे काम कोणत्याही फाईलमध्ये नोंदलेलं नाही.

याच काळात शैक्षणिक कर्जं सुरू झाली. चार लाखांपर्यंत तारण लागत नसे. शेतकऱ्यांच्या, शेतमजुरांच्या पोरी नर्सिंगला जाऊ लागल्या. वडील टोपी हातात घेऊन विचारत, "साहेब, नोकरी लागन ना?" पुढं मध्य प्रदेशातल्या कित्येक नर्सिंग कॉलेजांत धड दवाखानाच जोडलेला नाही, हे बाहेर आलं आणि उच्च न्यायालयाला सीबीआयकडून तपासणी करवून घ्यावी लागली. परीक्षा वर्षानुवर्षं रखडल्या. फी भरली, कर्ज चढलं, आणि पोरीचा हात प्रत्यक्ष रोग्याला लागलाच नाही. यातलं नुकसान फक्त पैशाचं नाही.

हिशेबाच्या भाषेत सांगतो. दाई, आरोग्य कार्यकर्ता, जन स्वास्थ्य रक्षक, आशा. दर वेळी सरकारनं नवं खातं उघडलं, पण जुन्या खात्यातली शिल्लक कधी पुढं ओढली नाही. पन्नास बाळंतपणं केलेली दाई पुढच्या योजनेत पुन्हा अडाणी ठरली. वीस वर्षं काम केलेली आशा आजही कागदावर स्वयंसेविकाच आहे.

२०१९ मध्ये छिंदवाड्याला मेडिकल कॉलेज झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. आता इमारती होतील, मशीनही येतील. पण ती चालवणारी माणसं इथलीच हवीत, इथंच शिकलेली हवीत. आशाताईला पुढं एएनएम, मग नर्स होण्याची वाट मिळाली, तर ती गाव सोडून जाणार नाही. ती आपली सून आहे.

तुमच्या घरी, मोहल्ल्यात अशी दाईमाय, नर्सबाई होऊन गेली असेल तर खाली लिहा. कोणत्या गावची, कुठं शिकली, किती जणांना तिनं जगात आणलं. या बायांची नोंद आपण नाही केली तर कोण करणार?