सिम्प्युटर : खिशातला संगणक आणि दुसऱ्या यंत्रावर घडलेला ब्राउझर

एप्रिल २००१. बंगळूरमध्ये तळहातावर मावणाऱ्या एका संगणकाचे अनावरण झाले. त्याचे नाव सिम्प्युटर. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे प्राध्यापक आणि विनय देशपांडे यांच्या एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतील अभियंते यांनी मिळून तो घडवला होता. १९९८ साली बंगळूरला भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय परिसंवादात या कल्पनेचे बीज पडले होते. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, त्याच्याही हाती संगणक द्यायचा, अशी ती कल्पना होती.

या यंत्राच्या केंद्रस्थानी एक ब्राउझर होता. त्यासाठी ‘इन्फर्मेशन मार्कअप लँग्वेज’, म्हणजेच आयएमएल, ही स्वतंत्र भाषा रचण्यात आली. पडद्यावरील चित्राला स्पर्श करावा आणि यंत्राने मजकूर आपल्या भाषेत बोलून दाखवावा, अशी योजना होती. एकच यंत्र अनेकांनी वापरावे आणि प्रत्येकाची माहिती स्वतंत्र स्मार्टकार्डावर राहावी, हीही सोय होती. संपूर्ण गावाने मिळून वापरायचा संगणक ही त्या काळी विलक्षण गोष्ट होती.

सिम्प्युटरची कथा सांगताना बहुधा त्याची किंमत, त्याला मिळालेली प्रसिद्धी आणि त्याचा बाजारातील पराभव यांचाच उल्लेख होतो. एक कष्टाचा भाग मात्र अंधारात राहतो. तो म्हणजे मेजावरील संगणकावर लिहिलेला प्रोग्रॅम वेगळ्या जातीच्या छोट्या प्रोसेसरवर उभा करणे.

सिम्प्युटरमध्ये इंटेलचा स्ट्राँगआर्म एसए-१११० हा २०६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता. मेमरी मोजक्या मेगाबाइटची, हार्ड डिस्क नाही, पडदा ३२० बाय २४० ठिपक्यांचा. एवढ्याशा यंत्रावर ब्राउझरसारखा मोठा प्रोग्रॅम कंपाइल करणे व्यवहार्य नसते. म्हणून तो मेजावरील वेगवान संगणकावर, पण आर्म प्रोसेसरच्या आज्ञांमध्ये कंपाइल केला जातो आणि मग छोट्या यंत्रावर नेला जातो. यालाच क्रॉस-कंपायलिंग म्हणतात. जिथे भांडे घडते तिथे ते चुलीवर चढत नाही. आणि तडा जातो तो चुलीवर.

स्ट्राँगआर्मवर लिनक्स चालवणाऱ्या जगभरच्या अभियंत्यांना या तड्यांचे काही ठरावीक प्रकार परिचित होते.

पहिला प्रकार मेमरीतील पत्त्यांचा. चार बाइटांची संख्या चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावरून वाचावी, अशी या प्रोसेसरची अपेक्षा असे. मेजावरील इंटेल प्रोसेसर कोणत्याही पत्त्यावरून ती निमूटपणे वाचतो, त्यामुळे तेथे चूक उघडकीस येत नाही. जुना आर्म अशा वेळी थांबतही नसे. तो त्या चार बाइटांचा क्रम फिरवून भलतीच संख्या हाती देई. प्रोग्रॅम पुढे चालत राही आणि बऱ्याच अंतरावर, निरपराध दिसणाऱ्या ओळीवर कोसळे. यासाठी लिनक्सच्या कर्नेलमध्ये एक सोय होती. अशा वाचनाकडे दुर्लक्ष करावे, त्याची नोंद घ्यावी, ते दुरुस्त करून द्यावे की प्रोग्रॅम तेथल्या तेथे थांबवावा, हे ठरवता येई. अनुभवी अभियंता तपासाच्या वेळी शेवटचा पर्याय निवडे. कोसळायचेच असेल तर चुकीच्या जागीच कोसळावे, म्हणजे चूक सापडते.

दुसरा प्रकार भारतीय भाषांसाठी अधिक महत्त्वाचा. सी भाषेत एका बाइटाचा ‘कॅर’ हा प्रकार इंटेलच्या संगणकांवर ऋण संख्याही धरतो. आर्मवरील लिनक्समध्ये तो केवळ धन संख्या धरतो. इंग्रजी अक्षरांचे सांकेतिक अंक १२८च्या खाली असल्याने तेथे हा भेद जाणवतच नाही. देवनागरी किंवा कन्नड अक्षरांचे बाइट मात्र, इस्की संकेत असो वा युटीएफ-८, १२८ किंवा त्याहून अधिक असतात. बाइट ऋण दिसला तर ते भारतीय अक्षर समजावे, अशी तपासणी मेजावर यशस्वी होते आणि आर्मवर कधीच खरी ठरत नाही. उणे एक आला की वाचन थांबवावे, ही अटही अशाच रीतीने निष्फळ होते. वाचन थांबत नाही, मेमरीची मर्यादा ओलांडली जाते आणि प्रोग्रॅम कोसळतो. यांतील पहिला दोष तर इंग्रजी मजकुरावर कितीही चाचण्या घेतल्या तरी सापडत नाही. ज्या वाचकासाठी यंत्र घडवायचे, त्याच्याच लिपीत त्याची परीक्षा घ्यावी लागते.

तिसरा प्रकार अपूर्णांकांचा. एसए-१११० मध्ये अपूर्णांकांच्या गणितासाठी स्वतंत्र विभाग नव्हता. ते गणित एकतर कर्नेलकडून नकलेने करून घ्यावे लागे किंवा कंपायलरने साध्या आज्ञांत उतरवावे लागे. या दोन पद्धतींत संख्या मेमरीत मांडण्याची रीतही भिन्न असे. ब्राउझर एका पद्धतीने आणि त्याला जोडलेली लायब्ररी दुसऱ्या पद्धतीने कंपाइल झाली, तर दोघांचा संवाद बिघडे. भर म्हणून, कंपाइल करण्यापूर्वी यंत्राची परीक्षा घेणारे छोटे प्रोग्रॅम आर्मसाठी बनवले तर मेजावर चालतच नाहीत. मग तयारीची स्क्रिप्ट अंदाज बांधते किंवा मेजावरील संगणकाचेच उत्तर उचलते.

चौथा प्रकार दिसतो कोसळण्यासारखा, पण ती चूक नसते. मेमरी संपली की लिनक्स स्वतःच एखादा प्रोग्रॅम बंद करतो. ब्राउझर अचानक नाहीसा झाला, तर प्रथम कर्नेलची नोंद वाचावी, हा धडा छोट्या यंत्रांनी शिकवला. जागा वाचवण्यासाठी यंत्रावरील प्रोग्रॅममधून फंक्शनांची नावे काढून टाकलेली असत. त्यामुळे कोसळल्यावर हाती केवळ आकडे उरत. तीच प्रत नावांसह मेजावर जपून ठेवायची आणि वायरीने जोडलेल्या यंत्रावरील प्रोग्रॅम तेथून डिबगरने तपासायचा, ही त्यावरची रीत होती.

हे सर्व श्रम कोणासाठी होते, हे विसरता येत नाही. प्रयोगशाळेतील अभियंता कोसळलेला प्रोग्रॅम पुन्हा सुरू करतो. पण जिला वाचता येत नाही आणि जी प्रथमच संगणक हाती घेत आहे, अशा स्त्रीसमोर पडदा गोठला तर ‘हे आपल्यासाठी नाही’ एवढाच अर्थ तिच्यापर्यंत पोहोचतो.

२००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने ‘अमिडा सिम्प्युटर’ बाजारात आला. तोवर मोबाइल फोन झपाट्याने स्वस्त होत होते. अपेक्षित सरकारी मागणी आली नाही, मोठ्या संख्येने उत्पादन झाले नाही, म्हणून किंमतही उतरली नाही. सिम्प्युटर काही हजारांपलीकडे गेला नाही. त्याच्या अपयशाचे खापर ब्राउझरवर फोडणे अन्यायाचे ठरेल. पण स्पर्श, आवाज, स्वभाषा आणि आर्म प्रोसेसरवरील लिनक्स हा त्याचा मेळ पुढे अँड्रॉइड फोनांतून कोट्यवधी भारतीयांच्या खिशात आला.

आज हा इतिहास पुन्हा समोर येतो, कारण देश स्वतःचे प्रोसेसर घडवू लागला आहे. आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ प्रोसेसरवर २०१८ साली लिनक्स सुरू झाले. सीडॅकने ‘वेगा’ मालिका उभी केली. ‘विक्रम ३२०१’ हा प्रक्षेपकांसाठीचा प्रोसेसर २०२५ मध्ये सादर झाला. त्याचे काम ब्राउझर चालवण्याचे नाही; तरीही इस्रोने चिपसोबत एडा भाषेचा कंपायलर, असेंब्लर, लिंकर आणि सिम्युलेटरही स्वतःच तयार केले, ही बाब चिपइतकीच मोलाची आहे.

चिपच्या अनावरणाचे छायाचित्र निघते. एका बाइटाचे चिन्ह शोधत घालवलेल्या रात्रींचे निघत नाही. पण स्वदेशी प्रोसेसर माणसाच्या उपयोगी पडतो तो त्या रात्रींनंतरच.