पंख्याचे बटण

आषाढात मावळातली घरे चार-चार दिवस दारे-खिडक्या लावून बसतात. १९८३ साली आम्ही कामशेतला राहत होतो. घरात गॅस येऊन जेमतेम वर्ष झाले होते. अशाच एका पावसाळी पहाटे मी स्वयंपाकघरात गेले तर गॅसचा उग्र वास. वास निघून जावा म्हणून माझा हात सरळ पंख्याच्या बटणाकडे गेला. तेवढ्यात मागून सासूबाईंनी मनगट धरले.

"बटनाला हात लावू नको गं! आधी खिडकी उघड."

मी बी.ए. झालेली, शाळेत इतिहास शिकवणारी. सासूबाई कधी शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. रेग्युलेटर बंद केला, दारे-खिडक्या सताड उघडल्या, आणि जीव थाऱ्यावर आल्यावर विचारले, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या सासऱ्यांनी. त्यांच्या डेपोत एक ठिणगी म्हणजे सगळ्यांचं मरण."

सासरे देहूरोडच्या दारूगोळ्याच्या डेपोत मजूर होते. विडी-काडेपेटी फाटकावरच काढून ठेवायची, खिळे ठोकलेल्या वहाणा घालून कोठारात जायचे नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले. निवृत्तीनंतरही ते घरात शिरताना नकळत खिसे चाचपत. आम्ही हसायचो. त्या पहाटेनंतर हसलो नाही.

पुढे मी या ठिणगीचा इतिहास वाचत गेले, तेव्हा त्याची एक तारीख माझ्याच तालुक्यातल्या एका घटनेच्या अगदी शेजारी येऊन बसली.

आमच्या लोणावळ्याचा पाऊस अडवून वीज करायची, हे जमशेटजी टाटांचे स्वप्न. फेब्रुवारी १९११ मध्ये लोणावळ्याला या कामाची कोनशिला बसली. वळवण, लोणावळा, शिरवटा ही धरणे बांधली गेली, पाणी खंडाळ्यावरून नळांतून खाली खोपोलीला नेले, आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये मुंबईला वीज मिळू लागली. गिरण्यांचा धूर कमी होणार, म्हणजे वीज ही स्वच्छ आणि निर्धोक वस्तू, अशीच तेव्हाची समजूत.

या दोन तारखांच्या मधोमध, १४ ऑक्टोबर १९१३ रोजी, वेल्समधल्या सेंगेनिथ गावच्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला. ४३९ खाणकामगार आणि मदतीला धावलेला एक जण, असे ४४० लोक गेले. खाणीत बोगद्याच्या कडेने दोन उघड्या तारा ओढलेल्या असत. त्या एकमेकींना टेकवल्या की दूर घंटा वाजे. वीज साध्या बॅटरीची, हात लागला तरी झटका बसू नये इतकी किरकोळ. म्हणून तिच्याकडे कुणी संशयाने पाहिलेच नव्हते. चौकशीत याच घंटेची ठिणगी हे एक संभाव्य कारण म्हणून पुढे आले. ते निर्विवाद सिद्ध झाले नाही. खटला इतर कसुरींबद्दल चालला. व्यवस्थापकाला २४ पौंड दंड झाला, कंपनीला अपिलानंतर १० पौंड.

पण घंटेचा प्रश्न व्हीलर आणि थॉर्नटन या संशोधकांनी सोडला नाही. त्यांना दिसले ते असे: घंटेच्या गुंडाळीत थोडी ऊर्जा साठून राहते, आणि तारा सुटताना ती ठिणगीच्या रूपाने बाहेर पडते. खाणीतला वायू पेटायला तेवढी पुरते. म्हणजे बटण बंद करतानाही तोच धोका. गॅसचा वास आला की दिवा लावू नका आणि लागलेला असेल तर विझवूही नका, असे सांगतात त्याचे मूळ इथे आहे.

यातून विजेला सांभाळण्याची एक रीत निघाली. तारेतली ऊर्जाच इतकी कमी ठेवायची की तार तुटली, चुकून जोडली गेली, तरी ठिणगीत वायू पेटवण्याचे बळ नसावे. पण एवढ्याशा विजेवर घंटा वाजेल, मोटर कशी फिरणार? मोटरीसाठी दुसरी रीत. तिची पूर्वज म्हणजे हम्फ्री डेव्हीचा १८१५ चा दिवा. त्याच्या जाळीतून ज्योत बाहेर येताना थंड होऊन विझे. हेच तत्त्व जाड लोखंडी पेटीला लावले. मला वाटायचे, अशी पेटी हवाबंद असेल. तशी ती नसते! वायू आत शिरणार हे धरूनच ती बनवतात. आत स्फोट झाला तर पेटीने तो सोसायचा, आणि झाकणाच्या अरुंद फटीतून बाहेर येताना जाळाने थंड व्हायचे. जर्मनीत कार्ल बाइलिंगने विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात या फटींवर प्रयोग केले होते. आज पेट्रोल पंपावर आपण उभे असतो, तिथल्या यंत्राच्या पोटात अशीच पेटी असते. अशा उपकरणांना मान्यता देणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे.

माझा एक विद्यार्थी तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिशियन होता. एकदा रात्रपाळीला अशी एक पेटी उघडून दुरुस्ती केली, आणि लावताना दोन बोल्ट सापडेनात. वरिष्ठ म्हणाले, बाकीचे घट्ट आहेत, सकाळी बघू. हा म्हणाला, "साहेब, दोन बोल्ट नाहीत म्हणजे तिथं फट वाढली. आता ही पेटी नुसता डबा आहे." दोन तास यंत्र बंद राहिले, याला बोलणी खावी लागली. पण बोल्ट आणूनच त्याने मेन स्विच टाकला.

मला तो प्रसंग फार मोठा वाटतो. या साऱ्या शास्त्राचा पायाच असा, की वायू गळणार, तार तुटणार, माणूस चुकणार, हे आधीच कबूल करायचे. पण कागदावरचे ते शहाणपण शेवटी कुणाच्या तरी हातातल्या पान्यावर येऊन थांबते. आणि जिथे कुणी अडवणाराच नसतो तिथे काय होते? ८ डिसेंबर २०२३ रोजी देहूजवळच्या तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवणारा कारखाना पेटला आणि पोटासाठी तिथे राबणाऱ्या बायका गेल्या. तोवर सेंगेनिथला ११० वर्षे झाली होती. त्या बायकांचे मनगट धरायला कुणी नव्हते.

मी तीस वर्षे मुलांना मावळ्यांचा इतिहास शिकवला. तो शिकवायलाच हवा. पण फाटकावर काडेपेटी काढून ठेवणारा आमच्या घरातला मावळा मी कधी वर्गात नेला नाही, याची आता रुखरुख वाटते.

सासरे गेले, सासूबाईही गेल्या. अजूनही घराबाहेर पडताना मी रेग्युलेटर बंद करते आणि नातसुनेला विचारते, "वास आला तर आधी काय करशील?"

ती हसून म्हणते, "खिडकी, आजी. बटण नाही."